आमच्या पाळीचं पाणी
नव्या नकाशाच्या शाईचा वास आला की मला लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं तो दुष्काळी उन्हाळा आठवतो. नवऱ्याची नव्या कचेरीत बदली झाली होती आणि आमच्या अंगणातल्या एकाच नळावर सगळ्या भाडेकरूंच्या पाळ्या असायच्या. एका दुपारी आम्ही दोघं फरशीवर भारताचा नकाशा पसरून महिनाभराचा प्रवास ठरवत होतो. आधी राजस्थानचं वाळवंट, मग काश्मीर, शेवटी कन्याकुमारी. शेजारची रेणापूरची बाई कडेवर लेकरू घेऊन दारात उभी राहिली. तिला हेवा वाटत असेल असं वाटून मी म्हणाले, "तुम्हीही जाल कधीतरी." ती म्हणाली, "त्ये न्हाई हो ताई. तुम्ही महिनाभर नसणार, तर तुमच्या पाळीचं पाणी मी भरू का? लेकराला रोज आंघोळ घालता यील." मी हो म्हणताच तिचा चेहरा उजळला. मग रोज विचारायची, "ताई, कवा निघायलाव?" आम्ही गेलो, सगळं पाहिलं. परतलो त्या सकाळी मी नळावर गेले, तेव्हा ती आपली अर्धी भरलेली घागर उचलून बाजूला झाली. आज त्या प्रवासातलं फारसं आठवत नाही. आणखी आठ दिवस तरी कुठेतरी रेंगाळायला हवं होतं, एवढं मात्र अजून वाटतं.