अर्जदार कुमारी ओवी, राहणार महाड

घरात शाळा काढली की वर्षाअखेर अभ्यास किती साठतो ते देव जाणे, पण किस्से मात्र पोत्यानं साठतात! चार मैत्रिणी भेटल्या की माझी तब्येत कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न हाच, "काय गं, तुझ्या शाळेत नवीन काय?"

तर शाळेचा परिचय. माझं महाडला कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान. आमचे हे एमआयडीसीत, औषधांच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज. आणि आमची एकुलती एक ओवी, वय पंधरा. शाळेत विद्यार्थिनी एकच, त्यामुळे पहिला नंबर तिचा आणि शेवटचाही तिचाच.

नववीत तिचं पार बिनसलं. तोंडी विचारा, धडाधडा उत्तरं देणार. कागद पुढे आला की हात आखडायचा. पेपर कोरे. सकाळी रिक्षाचा हॉर्न वाजला की पोटात दुखायला सुरुवात. एक दिवस मी म्हटलं, बास! घरीच शिकवू, दहावीला बाहेरून बसवू.

ह्यांनी होकार दिला, पण अट घातली. "दिवाळीपर्यंत तिनं स्वतःच्या मनानं एक अख्खं पान लिहून दाखवायचं. नाहीतर पुण्याला, होस्टेलच्या शाळेत." ओवी त्या दिवशी जेवली नाही. खरं सांगते, मीही नाही.

*

मी हौसेनं मोबाईलवर एका ग्रुपमध्ये शिरले. घरी शिकवणाऱ्या आयांचा ग्रुप, बहुतेक सगळ्या परदेशातल्या. तिथे रोज एकच चर्चा, तुम्ही मुलांना लॅटिन कुठलं लावलंत? आपल्याकडे दूध कुठलं लावलंत विचारतात ना, तसं! पोरगी आधीच मागे, त्यात लॅटिनही नाही!

महाडमध्ये लॅटिनचा मास्तर शोधायचा म्हणजे काय विचारू नका. स्टँडपासून चवदार तळ्यापर्यंत सगळ्यांना विचारून झालं. शेवटी मेडिकलवाले प्रमोदभाऊ म्हणाले, "वहिनी, आम्ही दिवसभर दुसरं वाचतो काय? डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतं ते लॅटिनच! पाठवा पोरीला."

आठवडाभर ओवी काउंटरमागे बसून शिकली. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा. टीडीएस म्हणजे तीनदा. पीसी म्हणजे जेवणानंतर. एसओएस म्हणजे अगदीच गरज पडली तर.

आठव्या दिवशी फ्रिजवर तिचं नवं टाइमटेबल लागलं. "दूध, बीडी. मोबाईल, टीडीएस. झोप, पीसी. अभ्यास, एसओएस."

मी तणतणत कागद घेऊन मेडिकलमध्ये गेले. प्रमोदभाऊंनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "एकही चूक नाही, वहिनी! पैकीच्या पैकी."

*

ह्याच सुमारास पोलादपूरकडच्या आमच्या आत्या आल्या. ह्यांच्या सख्ख्या आत्या, बोलायला एकदम रोखठोक. ओवीला पुस्तक घेऊन बसलेली बघून विचारलं, "काय शिकतंस गो?"

"लॅटिन, आजी."

"कुठं बोलतात ता?"

"आता कुठेच नाही. बोलणारे लोक संपले."

आत्या हातातला चहा खाली ठेवून माझ्याकडे वळल्या. "मेलेल्या मान्सांशी बोलायला शिकवतंस पोरीला? जित्या बापाशी बोलत नाय ती, ता आधी बघ!"

बाईंचं खरंच होतं. पुण्याचं नाव निघाल्यापासून ओवी बाबांशी हो-नाहीपलीकडे बोलत नव्हती.

*

बाबांची तऱ्हा वेगळीच. कारखान्यात शिफ्ट बदलताना जाणारा येणाऱ्याला वहीत लेखी चार्ज देतो. कुठली टाकी भरली, कुठला पंप बंद. ह्यांनी तसलीच वही घरी आणली!

मी दुकानात निघाले की चार्ज ह्यांच्याकडे. मी दोन ओळींत उरकायचे. ह्यांचं मात्र साग्रसंगीत. "बीजगणित, दोन गणितं पूर्ण, एक चालू स्थितीत सोडले. विद्यार्थिनी सामान्य. आवाज नाही. गळती नाही." गळती म्हणजे रडणं!

एकदा मी परत आले तर वहीत लाल शाईनं ओळ. "अकरा वाजून दहा मिनिटांनी विद्यार्थिनी हसली. कारण समजले नाही. पुढील शिफ्टने लक्ष ठेवावे."

मी दिवसभर लक्ष ठेवलं. हसली नाही हो परत. मग मलाच वाईट वाटलं.

*

मग लेखनाचा कोर्स घेतला, ऑनलाइन. चाळीस धडे, चाळीस विषय, मधाळ आवाजाची बाई. पहिलाच विषय, "तुमच्या अंगणात पहिला बर्फ पडला, त्या सकाळचं वर्णन करा." ओवीनं पेन उचललं, मी मनातल्या मनात हात जोडले. तिनं लिहिलं, "आमच्याकडे पडत नाही."

संपलं! दुसरा विषय, "तुमच्या घोड्याला पत्र लिहा." उत्तर, "घोडा नाही."

चाळीस धड्यांत मिळून अर्धं पानही भरलं नाही. वर त्या कोर्सवाल्यांनी मोबाईलवर सर्टिफिकेट पाठवलं, उत्कृष्ट संक्षिप्त लेखनासाठी! ह्यांनी ते वाचलं, कॅलेंडरवर दिवाळी किती दूर आहे ते मोजलं, आणि पुण्याच्या शाळेचा फॉर्म मागवला.

*

आता मनोहरकाका. माझ्या दुकानाशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये टाइपरायटर घेऊन बसतात आणि लोकांना अर्ज लिहून देतात. गावाकडून माणूस येतो, अर्धा तास भावाला शिव्या घालतो. काका त्यातून दोन पानी स्वच्छ अर्ज काढतात.

एकदा मी त्यांच्यापाशी डोळे पुसत होते. म्हणाले, "पोरगीला माझ्याकडं बसव. लिवणं म्हंजे काय? समोरच्याला काय पायजे ता पुसायचं, आनि मुद्द्यांना नंबर द्यायचं. यात भ्यायचं काय हाय?"

ओवी बसायला लागली. महिन्याभरात पोरगी घडाघडा लिहू लागली! मी आनंदानं वेडी व्हायची बाकी. म्हटलं, आवडत्या ऋतूवर निबंध लिही. लिहिला.

"विषय : पावसाळा आवडत असल्याबाबत. महोदय, मी खाली सही करणार विनंतीपूर्वक कळविते की, (१) अर्जदारास पावसाळा आवडतो. (२) सावित्री नदीला पूर आल्यास बाजारपेठेत पाणी शिरते, ही बाब अर्जदार नाकारीत नाही. (३) तरीही आवडतो. सबब, योग्य तो आदेश व्हावा."

पाऊण पान भरलं होतं. मी नाचतच ह्यांना दाखवलं. ह्यांनी दोनदा वाचलं. "हे काकांच्या मनानं लिहिलेलं आहे. तिच्या मनानं कुठंय?" आणि पुण्याचा फॉर्म भरायला घेतला.

*

दिवाळीला दहा दिवस राहिले असतील. कारखान्याच्या गेटवरून ह्यांना फोन, "साहेब, तुमच्या नावानं स्पीड पोस्ट आलंय. कोर्टाचं असल्यासारखं दिसतंय." सगळ्या शिफ्टमध्ये बोंब! ह्यांनी गेटवरच पाकीट फोडलं.

"अर्जदार : कुमारी ओवी. सामनेवाला : बाबा. विषय : पुण्यास न पाठविणेबाबत." पुरती तीन पानं, सतरा मुद्दे. सातवा मुद्दा असा, "शाळेत असताना अर्जदाराच्या पोटात खरेच दुखत असे. सामनेवाला यांनी नाटक म्हटले होते." शेवटी, "सात दिवसांत लेखी खुलासा करावा."

हे सुट्टी टाकून बाइकवरून थेट मनोहरकाकांपुढे हजर. मी दुकानातून बघतेच आहे. "काका, मला खुलासा लिहून द्या!"

"नाय जमणार," काका म्हणाले. "अर्जदार माझी विद्यार्थिनी. मी तिच्याविरुद्ध कागद लिवत नाय."

"मग ही तीन पानं तुम्हीच लिहिलीत ना?"

"मी आज पयल्यांदा बघतोय," काकांनी कागद उलटसुलट पाहिले. "हात चांगला हाय. खुलासा पन तिच्याकडूनच लिवून घ्या."

आणि हे खरंच घरी गेले! मी दुकानाचं शटर ओढून मागोमाग. ओवी टेबलाशी बसलेली. हे समोरच्या खुर्चीत, हेल्मेट मांडीवर. म्हणाले, "मला एक खुलासा लिहून हवा आहे."

ओवीनं कोरा कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं. "तुमचं म्हणणं सांगा."

अर्धा तास बोलत होते. आधी नियम, शिस्त, भवितव्य. मग स्वतःबद्दल बोलू लागले. मी शाळेत मागे पडलो होतो, मला कुणी हात दिला नाही, मला तुझी काळजी वाटते गं, मला झोप लागत नाही. सोळा वर्षांच्या संसारात मी हे ऐकलं नव्हतं. ओवी मान खाली घालून लिहीत होती.

मग वाचून दाखवलं. "(१) सामनेवाला यांस अर्जदाराची काळजी वाटते, हे खरे आहे. (२) ही बाब त्यांनी अर्जदारास आजवर कळविली नाही, हेही खरे आहे. (३) पोटात दुखत होते, हे आता मान्य आहे. (४) सामनेवाला यांस झोप लागत नाही. (५) सबब, अर्जदारास घरीच ठेवण्यास सामनेवाला यांची हरकत नाही."

"पाचवा मुद्दा मी बोललो नव्हतो," हे म्हणाले.

"चारपर्यंत तुमचं आहे, बाबा. पाचवा त्यातून निघतो."

ह्यांनी तिच्या हातातलं पेन घेतलं. कागद स्वतःकडे ओढला. मग विचारलं, "सही इथे?"

"इथे. आणि मागच्या पानावरही, अख्खं पान भरून मजकूर मागे गेलाय."