सांभाराची जुडी

"आजोबा, हात अजून पुढे. दोन्ही हात. आणि मॅडमकडे बघा, कॅमेऱ्याकडे नको."

फोटोग्राफर पुन्हा पुन्हा सांगत होता. आजोबा म्हणजे माझे आबा. शाळेच्या मैदानात, उन्हात, सतरंजीवर बसलेले. आजूबाजूला आमच्या वस्तीतली आणखी म्हातारी माणसं. समोर संस्थेच्या अध्यक्षांच्या पत्नी उभ्या. त्यांच्या हातात सांभाराची जुडी, तिला लाल रिबन.

कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात. जुडी मी बांधली होती. रिबन शाळेची.

वाशीममधली ती इंग्रजी शाळा. मी आठवीत, आरटीईच्या फुकटच्या जागेवर. शाळेच्या मागच्या रिकाम्या जागेत विद्यार्थ्यांनी भाजी पिकवायची आणि गरीब वृद्धांना द्यायची, असा उपक्रम निघाला. मला तो आवडला होता. पहिल्या दिवशी सगळ्यांना हातमोजे मिळाले, फोटो झाले. दुसऱ्या दिवशी सर मला म्हणाले, "वाफ्यांचं तूच बघ गं. तुमच्या घरचंच काम आहे."

वर्ग हसला. शाळेत मी कमीच बोलायचे. तोंड उघडलं की घरची भाषा बाहेर पडेल, ही भीती. एकदा पडलीच. हे काय उगवलंय, असं बाईंनी विचारलं आणि मी सांगितलं, सांभार. "इडलीसोबतचा?" कुणीतरी म्हणालं. तेव्हापासून माझं नाव इडली. इडली, पाणी घाल. इडली, गवत काढ.

आबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या मळ्यात भाजी लावली. गुडघे गेले, काम सुटलं. वाटपाच्या दिवशी वस्तीतल्या म्हाताऱ्यांना गाडीतून आणलं, त्यात तेही आले. नातीची शाळा बघायला आले असावेत. धोतर धुतलेलं होतं.

सर माइकवर म्हणाले, "योगायोग बघा! आपल्याच एका गरीब विद्यार्थिनीचे आजोबा आज लाभार्थी आहेत!"

टाळ्या. मला पुढे बोलावलं गेलं.

आबांनी हात पुढे केलेच नाहीत. मॅडमना म्हणाले, "बाई, हा सांभार माह्या नातीनं पेरला. ते मले घरीच आणून देईन. तुमी कायले तरास घेता?"

"इडलीचा आजा!" मागून आवाज आला. पोरं खिदळली. मॅडमही हसल्या. कशाला, ते त्यांनाही ठाऊक नसावं. सरांनी माइक माझ्या हातात दिला. हळूच म्हणाले, "त्यांना सांग, कोथिंबीर म्हणा. आणि थँक्यू म्हणायला लाव. लवकर."

आबा माझ्याकडे बघत होते. आपण काय चुकीचं बोललो, ते माझ्या चेहऱ्यावर शोधत होते. बाकी सगळं मी गिळलं असतं. ते बघणं गिळता आलं नाही.

"सांभारच आहे," मी माइकमध्ये म्हणाले. आवाज फाटला. "मी पेरलाय. आबा, उठा. घरी चला."

उठायला त्यांना वेळ लागला. मी दंडाला धरलं. अख्खं मैदान बघत होतं. जुडी मॅडमच्या हातातच राहिली. गेटबाहेर आल्यावर आबा म्हणाले, "शाळा मोठी हाय तुयी." एवढंच.

शाळेने मला काढलं नाही. वाफे काढून घेतले. ते वाळले. फोटोत दुसरे एक आजोबा आले, दोन्ही हात पुढे केलेले. त्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांच्या घरात भाजी नव्हती.

आता आबा नाहीत. मी कॉलेजात आहे, आणि यंदा कॉलेजनेही तसाच उपक्रम काढला. त्याच वस्तीसाठी. मीटिंगमधला पहिला प्रश्न, वाटपाला पाहुणे कोण बोलवायचे? हे ऐकून ऐकून थकवा आलाय. तरी उभी राहिले.

"वाटपाचा कार्यक्रम ठेवायचा नाही. ज्यानं पिकवली त्यानं भाजी दारावर नेऊन द्यायची. फोटो काढायचे नाहीत."

"अगं, मग येईल कोण?"

"नका येऊ."

बरेच जण आले नाहीत. उरलो ते थोडे. काल धने रगडून वाफ्यात टाकले, वर माती सारली. वाफ्याला पाटी हवी होती, ती मीच लिहिली. सांभार. कुणी पुसली तर पुन्हा लिहीन.

या वाफ्यातल्या एका काडीसाठीही कुणाला हात पुढे करावे लागणार नाहीत. मी करू देणार नाही.