दाजींच्या चुकलेल्या तारखा

आमच्या दाजींच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या, बोटांना डोळे आहेत असं सुरतेच्या पर्वत पाटिया भागातल्या कापडवाल्यांत बोललं जायचं. गप्पा मारत, दाराकडे बघत, हात कापडाच्या ताक्यावरून फिरवायचे आणि मध्येच बोट थांबायचं. तिथे धागा तुटलेला निघणारच. विणून आलेलं कापड तपासणं हेच त्यांचं काम. "विणलं म्हणजे पास झालं नाही," म्हणायचे. "कापड खोटं नही बोलस." वीस वर्षं सुरतेत काढूनही तोंडातली अहिराणी गेली नव्हती.

सुरतेतल्या प्लेगच्या पुढच्या वर्षी त्याच बोटांना स्वतःच्या मानेत गाठ लागली. लिम्फोमा, गाठींचा कॅन्सर. इंजेक्शनं झाली, केस गेले, परत आले, गाठ विरली. डॉक्टर म्हणाले, "सध्या रोग नाही. पण दर तीन महिन्यांनी दाखवायचं. मध्येच हाताला काही लागलं तर तारखेची वाट बघायची नाही." दाजींना हे लगेच पटलं, त्यांचा धंदाच तो. तारखेच्या दिवशी दवाखान्यात पहिला नंबर त्यांचा. दर रविवारी अंघोळ झाली की मान, काखा, जांघा चाचपायचे. ताई कातावायची, "मेलं ते चाचपणं! अभद्र कुठलं!"

आणि लोकांची अक्कल बघा. "बरा व्हयना, तर दवाखानामा काबर जास?" हे गल्लीभर झालं. बरा झालेला माणूस डॉक्टरकडे कशाला जाईल, एवढीच आमची समज. आमची म्हणजे माझीसुद्धा.

दाजींच्या मुलीचं, सुनंदाचं, चलथाणच्या साखर कारखान्यातल्या मुलाशी जमत आलं, तेव्हा मध्यस्थानं ताईला विचारलं, "तुमचे मालक दर तीन महिन्यांनी जातात कुठे?" ताई रडत माझ्याकडे आली. मी मोठा शहाणा! दाजींना म्हणालो, "एक तारीख चुकवा. पोरीचं उरकू द्या."

"न तपासता माल सोडू म्हणतोस?"

"एकदाच, दाजी."

त्यांनी ऐकलं. साखरपुडा झाला, लग्न लांबलं, दुसरी तारीखही गेली. हळदीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी माझा हात धरून आपल्या काखेत नेला. "बघ, लागतंय का?" लागलं. वाटाण्याएवढं, टणक. मी म्हणालो, "केसतूड असेल." लिहितानाही लाज वाटते. दाजी सदरा खाली ओढून मांडववाल्याशी बोलायला गेले.

लग्नानंतर दाखवलं तेव्हा पोटातही पसरलं होतं. डॉक्टर भडकले, "दोन तारखा कुठे होतात?" सुनंदा माहेरी आली होती, शेजारीच उभी होती. मी तोंड उघडायच्या आत दाजी म्हणाले, "माझ्याच ध्यानात राहिलं नाही, साहेब."

वर्षाच्या आत दाजी गेले. सुनंदाला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. चार नातेवाईक जमले की ती हमखास म्हणते, "आबांनी जरा स्वतःकडे बघितलं असतं, तर आज असते. फार बेफिकीर होते. हो ना, मामा?"

मी चहा पीत असतो. म्हणतो, "हो गं. होते खरे."