मोहाखालचं ‘जैसे थे’

‘बाई, माय गेली,’ सौंदडहून अनसूयामावशींच्या मुलाचा फोन आला. मी काही बोलण्याआधीच त्यानं विचारलं, ‘आता स्टे राहते का जाते?’ मला राग नाही आला... त्या घरात मनाई हुकूम घरच्या माणसासारखाच नांदत होता. वारसांची नावं दाव्यात लावली की हुकूम टिकतो, एवढं सांगून मी फोन ठेवला आणि मग रडले.

मावशी माझ्या पक्षकार. धुऱ्यावरचं, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरचं, मोहाचं झाड त्यांच्या दिराला तोडायचं होतं, ट्रॅक्टरला वाट हवी म्हणून. झाड कुणाचं हे ठरायला वर्षं जाणार; तोवर झाडच गेलं तर निकाल काय चाटायचा आहे? म्हणून तात्पुरत्या मनाईचा अर्ज. कोर्ट अशा वेळी तीन गोष्टी पाहतं : वरवर पाहता हक्क दिसतो का, हुकूम दिला-न दिला तर जास्त अडचण कुणाची, आणि होणारं नुकसान नंतर भरून निघेल का. तिसऱ्या मुद्द्यावर आम्ही तरलो, कारण तोडलेला मोह कुणी परत उभा करून देत नाही. दाव्याचा निकाल लागेपर्यंत ‘जैसे थे’, असा हुकूम झाला. मावशींना मी सोपं करून सांगितलं, ‘जसं आहे तसं ठेवायचं.’ घोळ तिथंच झाला.

पुढच्या चैत्रात कोहमाऱ्याहून येताना वाट वाकडी करून गेले. झाडाखाली फुलांचा सडा, आणि मावशी नुसत्या बसून शेळ्या हाकलत होत्या.

‘मावशी, वेचत का नाही?’

‘तुमीच त सांगतलं ना, जसं हाय तसं ठेवाचं.’

मला हसू आलं. हुकूम झाड तोडण्यापुरता आहे, फुलं खुशाल वेचा, म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

‘मी वेचली त दीर म्हनन, इनंच हुकूम मोडला, मी कायले पाळू? राहू द्या, बाई.’

दीर पलीकडच्या धानाच्या बांधीत उभा राहून बघत होता. हुकूम मोडलाच तर त्याला कोर्टात खेचायचा अर्ज मी तयार ठेवला होता, तो कधी लागलाच नाही. पुढे दर चैत्रात तेच... गावभर मोह वाळत पडलेला आणि मावशींचं अंगण रिकामं. इतकी वर्षं मी वकिली करते, पण कोर्टाच्या शब्दाला एवढं वजन असतं हे मला त्या अंगणात कळलं, आणि मी थक्क झाले.

तेरवीला गेले, वकालतनाम्यावर मुलाची सही घेतली. मोह गळतच होता. दीर दुपट्टा सावरत जवळ आला. हा गडी माझ्याशी कधी धड बोलला नव्हता.

‘बाई, आता पोरानं फुलं वेचली त वहिनीचा हुकूम मोडन का?’

कायद्यानं उत्तर सोपं होतं. मला ते देववेना.