चित्राखालची चिठ्ठी

अनंता गेल्याचा फोन आला तेव्हा मला पहिल्यांदा रागच आला. आमचं भांडण अर्धवट होतं... आणि हा खुशाल निघून गेला! दीड महिना झाला, राग अजून उतरलेला नाही. आता तो माझ्यावरच आहे.

पांढुर्ण्याच्या शाळेत तो चित्रकला शिकवायचा, मी गणित. रिटायर झाल्यावर त्याने एकच मोठं चित्र काढलं. एका रेघेला दोन फाटे, प्रत्येक फाट्याला पुन्हा तसेच दोन, असं बारीक होत होत पार नजर पोचेनाशी होईपर्यंत. शाळेच्या हॉलमध्ये ते लावलं आणि बाजाराच्या दिवशी हॉल उघडा ठेवायला लागला. संत्र्यांचे बागवाले यायचे, डोळे बारीक करून बघायचे आणि थेट इलाजच सांगायचे. "मास्तर, वाळल्या काड्या छाटा, झाड खराब होऊन राहिलं," तिगावचा एक जण म्हणाला. त्याच्या सोबतचा उसळला, "झाड कुठं आहे बे? मले तं आपली गावची जाम नदीच दिसून राहिली!" एक बाई आपल्या मनगटावरच्या शिरा बघत कितीतरी वेळ उभी होती. अनंता कोपऱ्यातून लोकांची तोंडं बघत खूश असायचा.

मला मात्र लोकांचं अज्ञान बघवेना. एक दिवस सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहून मी चित्राखाली चिकटवली : 'फ्रॅक्टल. प्रत्येक भागात संपूर्णाचाच आकार.' झालं! लोक चिठ्ठी वाचायचे, "अच्छा, फ्रॅक्टल आहे," म्हणायचे आणि पुढे सरकायचे. चित्रापाशी कोणी थांबेचना.

अनंता भडकला. "कायले सांगितलं बे? लोक पाहून राहिले होते न!"

"चूक काय लिहिलं ते दाखव," मीही चिडलो.

"चूक नाही. पण तुले काय दिसते, ते तं तू एकदाही नाही सांगितलं."

मी पाठ फिरवून हॉलबाहेर पडलो. तेव्हापासून बोलणंच बंद झालं.

मी हल्ली सौंसरला राहतो; परवा तिथून पांढुर्ण्याला त्याच्या घरी गेलो. चित्र आता बैठकीत आहे. चिठ्ठी त्याने केव्हाच खरवडून टाकलेली. समोर त्याची खुर्ची. "बसा भाऊजी, हे रोज इथंच बसत होते," म्हणून वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मी बसलो. फाटे मोजले. नदी शोधली, झाड शोधलं... तिगाववाल्याची वाळकी काडीसुद्धा सापडेना.

"काय दिसलं भाऊजी?" कप पुढे करत वहिनींनी विचारलं.

"फ्रॅक्टल," मी म्हणालो, आणि मला रडू कोसळलं.