धारेची साडी

मी अंगणवाडी सेविका. तेरच्या पुढं तेरणा नदीच्या काठाकाठानं गेलं की आमचं गाव लागतं. लेकरांची वजनं करायची, त्यांना खाऊ द्यायचा, गरोदर बायांच्या घरी जाऊन यायचं, हे माझं नेहमीचं काम. त्या उन्हाळ्यात अंगणवाडीला कुलूप लागलं आणि माझ्या हातात एक रजिस्टर आणि ताप मोजायचं यंत्र आलं. बाहेरगावाहून कोण आलं, कधी आलं, अंगात ताप आहे का, खोकला आहे का, एवढं रोज लिहून आरोग्य केंद्राला कळवायचं. पिस्तुलासारखं ते यंत्र कपाळासमोर धरलं की म्हातारी माणसं डोळे गच्च मिटून घ्यायची.

रोग अजून आमच्यात आला नव्हता. तो टीव्हीवर होता, फार तर पुण्या-मुंबईला होता. धाराशिवला एखादा सापडला असं कुणी म्हटलं की दुसरा लगेच म्हणायचा, "काय बी सांगतोस." जिल्ह्याचं नाव तेव्हा कागदावर उस्मानाबाद होतं, पण आमच्या तोंडात धाराशिवच. तरीही पोरांनी वेशीत बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या आणि पाहुण्यांना परत पाठवायला सुरुवात केली होती.

अशात पुण्याहून एक जोडपं आलं. तो आमच्या गावचाच. पुण्यात फरशी बसवायची कामं करायचा. काम बंद पडलं तसे दोघं निघाले, थोडं टेम्पोतून, थोडं पायी. तिला सातवा महिना होता. वेशीतच माणसांनी त्यांना अडवलं. शेवटी ठरलं की त्यांनी स्वतःच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये चौदा दिवस राहावं. त्याचे आईवडील बांधावर भाकरी ठेवून मागं सरकायचे, मग हा येऊन उचलायचा. बाप लेकाला लांबूनच ओरडून विचारायचा, "बरं हाय का रं?"

मी रोज जायची. सहा फुटांवरून बोलायचं, असं आम्हाला शिकवलं होतं. पाचव्या दिवशी गेले तेव्हा ऊन कडक होतं, पत्रा तापून शेडमधून वाफा निघत होत्या. नवरा विहिरीवर पाण्याला गेलेला. मी बाहेरून हाक मारली. ती दारापर्यंत आली, "ताई, जरा गरगरतंय," म्हणाली आणि पुढं झुकली. सहा फूट कुठले आणि काय! मी धावले आणि तिला धरलं. तिचं डोकं माझ्या खांद्यावर, तोंड माझ्या मानेपाशी. माझा मास्क हनुवटीवर आला होता. तिला बाभळीच्या सावलीत टेकवून रजिस्टरनं वारा घातला. नवरा आला, मी गाडी बोलावली, तिला धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. तिथं तिच्या घशातला नमुना घेतला.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरचा फोन आला. "बाई, ती पॉझिटिव्ह निघाली. तुम्ही घरातच बसा."

चार दिवसांनी माझाही नमुना घेतला. मला फार काही होत नव्हतं, नुसती कणकण आणि थोडा खोकला होता. रिपोर्ट आला आणि दुपारी गाडी दारात उभी राहिली. पांढरे पोशाख घातलेली माणसं उतरली. त्यातला एक कोण आहे हे मला आवाजावरून कळलं. वर्षानुवर्षे माझ्याबरोबर पोलिओचे डोस पाजणारा आमचाच माणूस होता तो. तोही "तुम्ही", "कृपया" असं परक्यासारखं बोलत होता. मला एका गाडीत बसवलं. आमचे हे आणि दहा वर्षांची लेक यांना दुसऱ्या गाडीत. त्यांना एका वसतिगृहात वेगळं ठेवणार होते. लेक रडत नव्हती, पण माझ्याकडं बघतही नव्हती. गल्लीत एक माणूस दिसत नव्हता. खिडक्यांच्या फटीतून बघत असणार सगळे. ज्यांची लेकरं माझ्या मांडीवर घास खाऊन मोठी झाली, त्यांची दारं मी एकेक करून बंद बघितली. त्या वेळी राग आला नाही, नुसती लाज वाटली. आपण काहीतरी वाईट काम केल्यासारखी.

गाडी वळली तेव्हा गोठ्यात म्हैस ओरडली. आणि तेव्हा कुठं मला आठवलं, संध्याकाळची धार कोण काढणार?

ही म्हैस मी पारडी होती तेव्हापासून वाढवलेली. माझ्याशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडायची नाही. आमचे हे जवळ बसले तरी लाथ झाडायची. दोन महिन्यांची व्यालेली होती, दुधानं भरलेली. एक दिवस धार चुकली तर कास दगडासारखी होते, दोन दिवस चुकली तर सडं कामातून जातात. गाडीतून ह्यांना फोन लावला. ते म्हणाले, "आता त्याची फिकीर करू नकोस. वगार पिऊ दे सगळं." पण दोन महिन्यांचं पारडू ते, एवढीशी वगार किती पिणार?

वॉर्डात आम्ही सहा बायका होतो. माझ्या समोरच्या कॉटवर कोण असावं? तीच, पुण्याची. पोटावर हात ठेवून भिंतीकडं तोंड करून पडलेली. मला बघून उठून बसली.

"ताई, माझ्यामुळं झालं तुम्हाला."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिचा राग आला होता. मनात आलं, का धावले मी? हाक मारून कुणाला बोलावलं असतं तर? नंतर पुष्कळांनी माझं कौतुक केलं, पण ती दुपार मला पक्की आठवते. मी कूस बदलली आणि तिच्याकडं पाठ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"म्या बोलतेय," पलीकडून आवाज आला.

आवाज ओळखला आणि मी ताडकन उठून बसले. आमच्या शेजारच्या थोरल्या जाऊबाई. ह्यांच्या चुलतभावाची बायको. मी त्यांना अक्का म्हणायची, म्हणजे जेव्हा बोलत होतो तेव्हा. आमच्या न्हाणीचं पाणी त्यांच्या अंगणात जातं यावरून भांडण झालं होतं, आणि ते इतकं वाढलं की दोन-अडीच वर्षं आम्ही एकमेकींचं तोंड बघत नव्हतो. त्यांच्या घरचं लग्न झालं, आम्हाला अक्षता नाहीत. माझे वडील गेले, त्या आल्या नाहीत.

"तुजी म्हस काल सांजंपासनं वरडायलीय," त्या म्हणाल्या. "म्या आत्ता जाऊन बसले व्हते धारंला. बादली उडवली तिनं. माज्या गुडघ्यावर लाथ बसली."

"अक्का, तुम्ही कशाला गेलात? तिथं सगळं औषध फवारलंय. घराला पट्टी लावलीय."

"पट्टी घराला हाय, गोठ्याला न्हाय. ते जाऊ दे. तू धारंला कुठली साडी नेसतीस?"

त्या काय म्हणतायत ते मला कळलं होतं. म्हशीला धार काढणारीचा वास ओळखीचा असतो. बाई माहेरी गेली किंवा बाळंत झाली की घरातली दुसरी कुणी तिचीच साडी गुंडाळून धारेला बसते. आमच्याकडं ही जुनी रीत आहे. पण ती साडी मी काल सकाळीच नेसले होते. अंगात कणकण असताना. तिच्याच पदराला तोंड पुसलं होतं, त्यातच खोकले होते.

"अक्का, त्या साडीला हात लावू नका," मी म्हणाले. "माझा रोग आहे त्यात."

"तुला इचारायला फोन केलाय, तुजं ऐकायला न्हाय. कुठं ठेवलीस?"

"नको म्हणतेय ना मी. तुम्हाला काही झालं तर?"

त्या हळू म्हणाल्या, "काल तुला नेली तवा म्या बी दार लावून आत बसले व्हते. तुजी लेक गाडीत चढली ते बगितलं म्या फटीतनं. लई वंगाळ वाटलं गं. सांग आता. जनावर बेजार झालंय."

"गोठ्यात, दाव्याच्या खुंटीवर," मी म्हणाले. "हिरवी. काठ फाटलेली." आणि फोन ठेवून रडले. आजारपणात पहिल्यांदाच.

समोरच्या कॉटवरची ती बघत होती. तिनं तिची पाण्याची बाटली माझ्याकडं सरकवली. मी पाणी प्याले. मग तिला विचारलं, "पोटात लेकरू हलतंय का नीट?" ती म्हणाली, "व्हय. पण डॉक्टर लांबनंच बघतात, भीती वाटते." त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ मी तिला उजव्या-डाव्या कुशीवर निजवून पोटावर हात ठेवायची, हालचाल मोजायची. तेच तर माझं काम होतं. दोघींनाही एकच रोग, आता अंतर कशाला ठेवायचं?

पुढचं मला अक्कांच्या फोनवरून आणि थोडं गावातल्या आशा कार्यकर्तीकडून, आमच्या आशाताईकडून, कळत गेलं. अक्कांनी ती साडी खुंटीवरून काठीनं खाली घेतली. उन्हात टाकावी का, असं एकदा मनात आलं त्यांच्या. पण ऊन लागलं, धुतली, तर वास जाईल आणि सगळा खटाटोप वाया. म्हणून तशीच गुंडाळली. तोंडाला पदराची घडी बांधली, म्हशीजवळ गेल्या, वगार सोडली, आणि माझ्यासारखं "हं बाय, हं बाय" करत कासेला हात लावला. म्हैस वळून वळून बघत होती म्हणे. साडी हुंगली. आणि पान्हा सोडला.

अक्कांचे मालक, आमचे थोरले दीर, मात्र बिथरले. "त्या घरची साडी नेसून माज्या घरात पाय टाकायचा न्हाय," असं त्यांनी अंगणातून ओरडून सांगितलं. त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. त्यांना दम्याचा त्रास होता. अक्कांनी भांडण केलं नाही. घरातून वाकळ आणि तांब्या मागून घेतला आणि आमच्या गोठ्याच्या पडवीत मुक्काम ठोकला. पंधरा दिवस त्या तिथंच राहिल्या. सून जेवण आणून चौकटीबाहेर ठेवायची. डेअरीवाल्यानं दूध घेतलं नाही, गावातही कुणी घेईना. मग त्यांनी तीन दगडांची चूल मांडून दूध तापवलं, विरजण लावलं, लोणी काढून तूप कढवलं. फोनवर मला सांगायच्या, "ताक कुत्र्याला घातलं आज. ते बी आधी हुंगून बगतंय." आणि स्वतःच हसायच्या. आमचं दोन-अडीच वर्षांचं बोलणं त्या पंधरा दिवसांत झालं. माझ्या वडिलांचा विषय त्यांनीच काढला. "यायला पायजे व्हतं म्या," एवढंच म्हणाल्या.

त्यांचा ताप बघायला मी रोज फोन करून आशाताईला पाठवायची. ताप आला नाही. नमुनाही घेतला, काही निघालं नाही. नशीब म्हणावं की आणखी काय, मला माहीत नाही. पण फोनवर आशाताईचा आवाज येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

माझे पुन्हा घेतलेले दोन्ही नमुने चांगले आले, तसं मला सोडलं. ती पुण्याची माझ्याआधी तीन दिवस सुटली होती. जाताना पाया पडायला वाकली, मी वाकू दिलं नाही. पुढं तिला धाराशिवलाच मुलगी झाली. वजन चांगलं होतं, अडीच किलोच्या वर. माझ्याच रजिस्टरात आहे.

मी गावात आले तेव्हा हे आणि लेक आधीच घरी आले होते. सरपंचांनी चार माणसं जमवून टाळ्या वाजवल्या. काहींनी तेव्हाही दार उघडलं नाही. लेक मला बिलगायला धावली, मी हातानंच थांबवलं. अजून सात दिवस वेगळं राहायचं होतं. ते तिला थांबवणं मला दवाखान्याहून जड गेलं.

संध्याकाळी मी धारेला बसले. अंगाला दवाखान्याचा, औषधाचा वास. म्हशीनं मला हुंगलं आणि सरळ लाथ झाडली. बादली गोठ्याच्या दारापर्यंत घरंगळत गेली. बाहेर अक्का, माझी हिरवी साडी अजून अंगावरच, वाकळ गुंडाळत होत्या, घरी निघायच्या तयारीत. आवाज ऐकून दारात आल्या. मी शेणात बसलेली, म्हैस रागानं बघतेय. त्या हसायला लागल्या ते थांबेनातच.

"आता काय करायचं अक्का?" मी विचारलं.

"काय करायचं? सरक तिकडं."

मी कोपऱ्यात लांब उभी राहिले. त्या बसल्या, म्हशीच्या पाठीवर थाप मारली. धारेचा आवाज सुरू झाला. मी विचारलं, "भीती वाटली नाही का हो तुम्हाला?"

"लई वाटली," त्या मान वर न करता म्हणाल्या. "रोज सकाळी उठले की आदी श्वास घिऊन बगायची, येतोय का म्हणून." मग बादली माझ्याकडं न देता चौकटीत ठेवून त्या मागं सरकल्या. "हे घरात ने. लेकीला तापवून दे. लई वाळलीय ती तिकडं."

आठवडाभर दोन्ही वेळच्या धारा त्यांनीच काढल्या. मी कोपऱ्यात उभी राहून म्हशीशी बोलत राहायची, म्हणजे तिला माझा आवाज पुन्हा ओळखीचा व्हावा. आठव्या दिवशी तिनं मला जवळ येऊ दिलं.