विहिरीकडून न आलेलं उत्तर

नवनीतची पहिली काठी भाग्येशच्या खांद्यावर बसली, दुसरी लॅपटॉपवर. पोळी तव्यावर टाकून मी ओसरीत धावले, तेव्हा माझा दीर भाग्येश उंबऱ्याशी दुमडून पडला होता. ओठ फाटला होता.

“मन्हा बापना हात गया,” नवनीत म्हणाला. ओरडला नाही, म्हणूनच मला भीती वाटली. “तुन्हा मोबाईलमा मोटार बंद दखाडे. बापनी हात घाला.”

आमचा भाग्येश शिकून शहाद्याला परतला आणि केळीवाल्यांसाठी ॲप केलं. विहिरीवर एक डबी, तिच्यात सिमकार्ड. मोबाईलने विचारायचं, मोटार चालू की बंद ते डबीने सांगायचं. आमच्याकडे वीज परत आली की ऑटो स्टार्टर मोटार आपोआप चालू करतो. म्हणून जुनी माणसं फ्यूज उपसून खिशात घातल्याशिवाय मोटारीला हात लावत नसत. ॲपवर ‘बंद’ दिसलं म्हणजे स्टार्टरही बंद, असं भाग्येशने सगळ्यांना सांगितलं, आणि फ्यूज जागेवरच राहू लागले. नवनीतचे वडील उखाअण्णा मोटार आणि पंपाच्या जोडावरचं झिजलेलं रबर बदलायला बसले आणि मोटार फिरली. हाताची बोटं गेली.

नवनीतने पुन्हा काठी उगारली. मी मध्ये हात घातला. ती माझ्या मनगटावर बसली, बांगड्या फुटल्या.

“भाभी, बाजूले व्हा.”

“तू आठे शे, मग दवाखानामा अण्णाजोडे कोन शे?”

त्याने काठी टेकवली. खाली पडल्या पडल्या भाग्येशने विचारलं, “तव्हय लाईट व्हती का?”

“गयेल व्हती. बापनी हात घाला आनि लाईट उनी.”

भाग्येशचा चेहरा उतरला. वीज गेली की डबी मरते, जोडणी तुटते. मोबाईल वाचायला जातो, हाती काहीच येत नाही. त्या ‘काहीच नाही’ला त्याने शून्य धरलं होतं, आणि शून्याला ‘बंद’. घरी तपासताना डबी इन्व्हर्टरवर होती, तिथली वीज कधी गेलीच नव्हती.

“माले मार,” तो म्हणाला, “पन पह्यले फोन करू दे. आत्ते बी लाईट नही शे.”

नवनीतने त्याच्या कमरेत एक लाथ घातली. मग खाली बसून स्वतःचा फोन काढला. दोघांनी मिळून घरोघर सांगितलं, फ्यूज काढा, मोबाईलवर जाऊ नका. झिपरूकाका तेवढे फोन उचलेनात.

नवनीतने मोटारसायकल काढली. रक्ताळलेला भाग्येश मागे बसला; पुढचं मला त्यानेच सांगितलं.

झिपरूकाका आपल्या विहिरीवर मोटारीवर वाकले होते, हात कोपरापर्यंत आत. नवनीतने सांगत बसण्याऐवजी धावत जाऊन त्यांना खांद्याने उडवलं. म्हातारा बांधावर आपटला, कपाळ फुटलं. उठून त्याने नवनीतच्या कानशिलात दोन दिल्या. तिसरी द्यायला हात वर केला आणि मागे मोटार गरजली.

तो हात कितीतरी वेळ तसाच वर राहिला.

आता उत्तर आलं नाही की ॲपवर ‘माहीत नाही, फ्यूज काढा’ असं येतं. ते शब्द नवनीतने सांगितले. आमच्या घरी तो अजून पाणी पीत नाही.